पडद्यापलीकडचा हात

त्या दिवशी अक्कांनी मी न सांगता प्रोब रुग्णाच्या छातीवर उजवीकडे नेला. स्क्रीनवर हृदय दिसलं. डॉक्टर माझ्या मागे उभे होते. ते म्हणाले, "शाबास, अक्का." मला ते काही म्हणाले नाहीत.

हे जळगावात घडलं, ऐंशीच्या दशकाच्या उत्तरार्धात. मी मूळचा धुळ्याचा. फिजिक्स घेऊन बी.एस्सी. झालो, एका दवाखान्यात ईसीजी काढायला लागलो आणि आमच्या डॉक्टरांनी इकोचं मशीन घ्यायचं ठरवलं तेव्हा त्यांनी मला तीन महिने मुंबईला शिकायला पाठवलं. परत आलो तो एक जाडजूड इंग्रजी पुस्तक आणि बराचसा ताठा घेऊन. जळगावच्याच मेहरूण भागात एक खोली भाड्याने घेतली. संध्याकाळी तलावावर फेरी मारायची आणि घरी येऊन पुस्तकात पेन्सिलीने खुणा करत बसायचं, असा माझा दिवस. लग्न केलं नाही. माणसांपेक्षा मला छापील पान सोपं वाटायचं, अजूनही वाटतं.

इको म्हणजे काय, ते साध्या शब्दांत सांगतो. दाढीच्या ब्रशाएवढी एक मूठ असते, तिला प्रोब म्हणतात. तिच्यातून आपल्याला ऐकू न येणारा आवाज निघतो, हृदयावर आपटून परत येतो आणि त्या परतलेल्या आवाजाचं चित्र स्क्रीनवर उमटतं. पण हा आवाज हाडातून जात नाही, हवेतूनही जात नाही. छातीत तर बरगड्यांची हाडं आणि फुप्फुसातली हवा, हेच भरलेलं. म्हणून दोन बरगड्यांच्या मधली बोटभर फट शोधावी लागते. ती प्रत्येकाची वेगळ्या जागी असते. प्रोब एक नखभर सरकला तरी चित्र जातं. फट सापडली की मग मनगट हळूहळू वळवायचं, तेव्हा झडपा उघडताना-मिटताना दिसतात. यातलं नव्वद टक्के काम हाताचं आहे, हे पुस्तकात लिहिलेलं असतं, पण पुस्तक वाचणाऱ्याला ते पटत नाही.

आमची अडचण वेगळीच होती. झडप आकसण्याचा आजार आमच्याकडे मुख्यतः बायकांना. लहानपणी घसा दुखतो, ताप येतो, सांधे सुजतात. ते बरं होतं, लोक विसरतात. पण तो ताप हृदयाची झडप खाऊन गेलेला असतो. वीस-पंचविशीत, पहिल्या-दुसऱ्या बाळंतपणात, बाईला पाण्याची कळशी घेऊन दोन पावलं चालवत नाही. अशा बायका पारोळा, अमळनेर, शिंदखेडा, कुठून कुठून एसटीने यायच्या. आणि त्या काही माझ्यासमोर चोळी काढायला तयार नसत. पहिल्या महिन्यात सहा-सात जणी तपासणी न करताच उठून गेल्या. एकीची सासू जाताना मला म्हणाली, "तुन्ही बहीण ऱ्हाती तं इतली उघाडी करता का रे?"

तेव्हा डॉक्टरांनी खोलीत मधोमध पडदा लावला. पडद्याच्या अलीकडे मशीन आणि मी, पलीकडे खाट आणि रुग्ण बाई. प्रोबची वायर पडद्याखालून जायची. आणि पलीकडे प्रोब धरायला बसवल्या आमच्या दवाखान्यातल्या आया, द्वारकाअक्का.

अक्का सोनगीरच्या. चाळिशीच्या असतील. नवरा लवकर गेलेला, मूलबाळ नाही. सही करता यायची, आकडे वाचता यायचे, तेवढंच शिक्षण. पडद्यापलीकडे बाईच्या पदराखालून त्या प्रोब धरायच्या आणि मी अलीकडून सांगायचो, वर घ्या, थोडा खाली, घड्याळाच्या काट्यासारखा फिरवा, थांबा. डोळे माझे, हात त्यांचा. मी याला मनात 'लांब दांड्याचा प्रोब' म्हणायचो. अक्का म्हणजे तो दांडा.

सहा महिने असंच चाललं, आणि मग ती पारोळ्याकडची मुलगी आली. मी अर्धा तास सांगत होतो, डावीकडे, अजून डावीकडे, आणि स्क्रीनवर नुसता पांढरा धूर. डॉक्टर येऊन मागे उभे राहिले. तेवढ्यात धूर हलला आणि हृदय आलं, चारही कप्पे, जणू कोणी खिडकी उघडली. डॉक्टरांनी विचारलं, प्रोब कुठे आहे. पडद्याआडून अक्का म्हणाल्या, "त्या आंगे धकधक लागनी डॉक्टरसाहेब, म्हनीसन उजवीकडे लई गयू." मुलीचं हृदय जन्मापासून उजव्या बाजूला होतं.

इथे मला एक कबुली द्यायची आहे. त्या मुलीचा ईसीजी दोन दिवसांपूर्वी मीच काढला होता. पहिलीच पट्टी उलटी आली होती, सगळ्या लाटा खाली डोकं करून. ईसीजी काढणाऱ्यांच्या हे अंगवळणी पडलेलं असतं. उजव्या आणि डाव्या हाताच्या वायरी चुकून अदलाबदल झाल्या की असंच होतं. मी वायरी बदलल्या, पट्टी सुलट आली, ती फाईलला चिकटवली आणि पहिली फाडून टाकली. वायरी आधी बरोबरच होत्या. म्हणजे हृदय उजवीकडे आहे हे मशीनने मला सांगितलं होतं आणि मी मशीनची चूक सुधारली होती. अक्का 'त्या आंगे' म्हणाल्या तेव्हा ती नीटनेटकी फाईल माझ्या मांडीवर होती.

मी डॉक्टरांना ते सांगितलं नाही. त्या दिवसापासून मी अक्कांचा हेवा करू लागलो.

हेवा हा शब्द लिहायला मला बरीच वर्षं लागली. तेव्हा मी त्याला शिस्त म्हणत असे. अक्का माझ्या सांगण्याची वाट न बघता प्रोब हलवू लागल्या होत्या, आणि चित्र माझ्या सांगण्याने यायचं त्याहून चांगलं यायचं. मी म्हणायचो, अक्का, मी सांगितल्याशिवाय हलवायचं नाही. त्या म्हणत, बरं भाऊ. मग मी मुद्दाम चुकीचं सांगून बघत असे. वर नको तिथे वर. चित्र फुटायचं. अक्का तीन-चार क्षण तसाच हात ठेवत, माझा मान राखून, आणि मग हळूच जिथे हवा तिथे नेत. चित्र परत यायचं. मला तो मान चित्रापेक्षा जास्त झोंबायचा.

थंडीच्या दिवसांत छातीला लावायची जेली बर्फासारखी गार पडते, बायका दचकतात, श्वास रोखतात आणि चित्र बिघडतं. अक्कांनी जेलीची बाटली कोमट पाण्याच्या बादलीत ठेवायला सुरुवात केली. इतकी साधी गोष्ट. ती माझ्या पुस्तकात नव्हती, आणि मला सुचली नव्हती. मी घरी आरशासमोर उघडा बसून बॅटरीचा टॉर्च प्रोबसारखा धरून बरगड्यांमधून फिरवत असे. मनगट कसं वळवायचं त्याची सवय करत असे. पुरुष रुग्णांचा इको मी स्वतःच्या हाताने करायचो. डॉक्टर दोन्ही चित्रं शेजारी ठेवून एकदा सहज म्हणाले की बायकांचे फोटो पुरुषांपेक्षा स्वच्छ येतात, गंमतच आहे नाही. मी म्हटलं, बायकांच्या छातीत हवा कमी असते. असं काही नसतं.

गावोगाव नाव झालं तेही त्यांचं. धुळ्याचे एक बांगड्यांचे व्यापारी आपल्या बायकोला आणि आईला घेऊन आले. दारातच त्यांनी विचारलं, अक्कावाला दवाखाना हाच ना. मी हो म्हटलं. आत पडदा, मशीन, सगळं बघून ते अगदी सौजन्याने मला म्हणाले, "भाईसाब, मशीन तो अक्का चलाती है ना? आप बाहर बैठ के चाय पी लो, हम बुला लेंगे." अक्का पलीकडून हसल्या. व्यापाऱ्याची आई आणि बायकोही हसल्या. तो गृहस्थ निर्मळ मनाचा होता, जाताना त्याने मला पेढे दिले. मी ते शिपायाला दिले.

मग रंगीत डॉपलरचं नवं मशीन आलं. रक्त कुठून कुठे वाहतं ते लाल-निळं दिसायचं. डॉक्टर हौसेने म्हणाले, आता अक्कांना यावर बसवू. त्या दुपारी मी त्यांच्या केबिनमध्ये गेलो. मी म्हटलं, सर, या मशीनचा प्रोब नाजूक आहे. आणि उद्या कोणी विचारलं की प्रोब कोणाच्या हातात होता, तिचं शिक्षण काय, तर आपण काय सांगणार? एखादी शिकलेली मुलगी घ्यावी. यातला एकही शब्द खोटा नव्हता. डॉक्टर भित्रे नव्हते, पण सावध होते. ते म्हणाले, तुझं बरोबर आहे.

नाशिकला शिकलेली एक परिचारिका आली, आणि अक्कांना दुसऱ्या मजल्यावर चादरी-कपड्यांच्या खोलीत पाठवलं. जाताना त्यांनी बादलीतली बाटली पुसून माझ्या टेबलावर ठेवली आणि पाणी ओतून दिलं. मला सुटल्यासारखं झालं. नवी मुलगी मी सांगेन तेवढंच करायची. चित्रं बरी यायची. बरी म्हणजे माझ्यासारखी.

दीडेक वर्षाने त्या मुलीचं लग्न ठरलं आणि ती गेली. डॉक्टरांनी मला सांगितलं, अक्कांना खाली बोलाव. मी जिन्याने वर निघालो तर अक्का मधल्या वळणावर पायरीवर बसलेल्या. शेजारी धुतलेल्या चादरींचा गठ्ठा. मी बोलावणं सांगितलं. त्यांनी हाताने थांबा अशी खूण केली. त्या दम घेत होत्या. तोंड किंचित उघडं, गालांच्या वरच्या भागावर जांभळट लाली, एक हात पायरीवर टेकलेला. हे थांबणं मी शेकडो बायकांचं पाहिलं होतं. इकोच्या खोलीत येणारी प्रत्येक जण दारात अशीच थांबायची.

कधीपासून, मी विचारलं. त्या म्हणाल्या, दोन वर्षं झाली असतील, जिना चढायला लागल्यापासून जास्त.

मी त्यांना खाली घेऊन आलो. डॉक्टर राउंडला गेले होते. पलीकडे प्रोब धरायला कोणी नव्हतं. मी म्हटलं, डॉक्टर येईपर्यंत थांबू, दुसऱ्या आयाला बोलावू. अक्का पडद्याआड गेल्या. खाट करकरली. त्या म्हणाल्या, "कोनी नको. मन्हा मी धरसू. तुमी दखा."

मी मशीन लावलं. पडद्याखालची वायर ताणली गेली, सैल झाली. मला काही सांगावं लागलं नाही. पहिल्याच जागी फट सापडली. स्वतःच्या छातीवर उलट्या हाताने धरलेला तो प्रोब होता, आणि इतकं स्वच्छ चित्र मी मुंबईतही पाहिलं नव्हतं. डावा वरचा कप्पा फुगलेला. झडप जाड, तिच्यावर चुन्यासारखे पांढरे ठिपके, उघडताना ती हॉकीच्या काठीसारखी वाकत होती. मग अक्कांनी मनगट वळवलं आणि झडपेचं तोंड समोरून दिसू लागलं. ते मोजायचं असतं. कडेने रेघ फिरवली की मशीन क्षेत्रफळ सांगतं. निरोगी माणसाचं चार ते सहा चौरस सेंटिमीटर. एकाच्या खाली गेलं की अवघड. मी रेघ फिरवली. खात्री करायला परत फिरवली. दोन्ही वेळा एकाच्या खाली आलं.

"भाऊ, चूप का बसनात?" अक्का पलीकडून म्हणाल्या. "कितली बारीक शे?"

मी आकडा सांगितला. आकड्यांचा अर्थ त्यांना माझ्याइतकाच कळत होता.

डॉक्टर आले, त्यांनी सगळं पाहिलं. ते म्हणाले की झडपेत चुना फार साठलाय, आता फुगा घालून ती उघडता यायची नाही, बदलावीच लागेल. दोन वर्षांपूर्वी कदाचित फुग्यावर भागलं असतं. असं म्हणून ते मुंबईला फोन करायला गेले.

अक्का पडद्याबाहेर आल्या. सवयीने त्यांनी प्रोबवरची जेली पुसायला घेतली.

आता जे सांगायचं राहिलंय ते इथे सांगतो. त्या खाली काम करत होत्या तेव्हाची गोष्ट. एका रिकाम्या दुपारी त्या म्हणाल्या होत्या, भाऊ, एक डाव मन्हं बी दखा, जिव घाबरा व्हस कधीमधी. आम्ही तेव्हा सरावासाठी शिपायाचा, वॉचमनचा, माझा स्वतःचाही इको करायचो. दोन मिनिटांचं काम. पण त्याच आठवड्यात डॉक्टरांनी अक्कांनी घेतलेलं एक चित्र मुंबईच्या पाहुण्यांना दाखवलं होतं आणि पाहुण्यांनी अक्कांना नमस्कार केला होता. मी अक्कांना म्हटलं होतं, मशीन खेळायला नाही.

प्रोब पुसता पुसता त्यांनी विचारलं, "तव्हय दखतात तं दिखतं का?"

मी म्हटलं, "दिसलं असतं."

"मंग का नही दखं?"

पुस्तकी माणसाकडे उत्तरं तयार असतात. मशीन नवीन होतं, वेळ नव्हता, तक्रार किरकोळ वाटली. मी म्हटलं, "मला तुमच्या हाताचा हेवा वाटायचा, अक्का."

त्यांनी प्रोब जागेवर टांगला. वायर गुंडाळली.

"माले माहीत व्हतं, भाऊ. पडद्यापलीकडथीन तुमना आवाजच तं ये."

एवढंच. त्यांनी माफ केलं असं त्या म्हणाल्या नाहीत, आणि मीही विचारलं नाही. रिपोर्ट लिहून द्या म्हणाल्या, दोनची धुळ्याची गाडी पकडून सोनगीरला भावाला सांगायला जायचं होतं.

मुंबईत झडप बदलली. धातूची झडप बसवतात, तिचा आवाज येतो. बंद खोलीत, शांत असलं की घड्याळासारखी टिकटिक ऐकू येते. अक्का तीन महिन्यांनी परत आल्या आणि डॉक्टरांनी त्यांना थेट इकोच्या खोलीत बसवलं. शिक्षण काय, ते कोणी विचारलं नाही, आणि मी तर विचारण्याच्या पलीकडे गेलो होतो. नव्या रुग्ण बाया पडद्याआड कान देऊन म्हणायच्या, माय, घड्याळ कुठे आहे. अक्का म्हणत, "मन्हा पोटमा." बाई हसायची, श्वास सैल सोडायची, आणि तेवढ्यात चित्र येऊन जायचं.

मला वाटलं होतं, आता तरी माझा हेवा संपेल. तो संपला नाही. हात तसाच होता, उलट आता त्यांना आतलंही माहीत झालं होतं. घाबरलेल्या पोरींना त्या ऑपरेशन कसं असतं ते सांगत, आणि पोरी तयार होत. मी चार पानं समजावून सांगितलं तरी तयार होत नसत. पण एक फरक पडला. मी पडद्याअलीकडून सूचना देणं बंद केलं. फक्त 'घेतलं' एवढं म्हणायचो, म्हणजे फोटो घेतला. दिवसभरात तेवढाच शब्द.

असं चार वर्षं चाललं. धातूच्या झडपेला रक्त पातळ राखायची गोळी रोज लागते, जन्मभर. अक्का कधी चुकल्या नव्हत्या. सोनगीरला पुतण्याचं लग्न होतं, म्हणून पंधरा दिवस गेल्या. दात घासताना हिरडीतून रक्त आलं. कोणा नातेवाइकाने सांगितलं की या गोळीने रक्ताचं पाणी होतं, लग्नघरात राहू दे काही दिवस. त्यांनी राहू दिली.

तेव्हा डॉक्टर दर गुरुवारी रुग्ण तपासायला धुळ्याला जायचे आणि मी जुनं मशीन घेऊन त्यांच्याबरोबर असायचो. त्या गुरुवारी सकाळी अक्कांचे भाऊ त्यांना जीपमधून घेऊन आले. टिकटिक ऐकू येत नव्हती. धुळ्याच्या खोलीत पडदा नव्हता. मी प्रोब हातात घेतला आणि त्यांच्या पदराखाली नेला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. स्क्रीनवर धूर. मी वर घेतला, खाली घेतला, धूरच. अक्कांना बोलवत नव्हतं. त्यांनी माझं मनगट धरलं आणि दोन बोटं खाली, जरासं बाहेर नेलं.

चित्र आलं. झडपेची चकती रक्ताच्या गुठळीने जागच्या जागी अडकली होती. मी डॉक्टरांना हाक मारली. मुंबईला न्यायची तयारी झाली. दुपारी अक्का गेल्या.

त्यांच्या भावाने जाताना मला विचारलं की काही दिसलं का. मी म्हटलं, हो, सगळं स्वच्छ दिसलं.

पुढे मी आणखी बरीच वर्षं काम केलं. शिकलेल्या मुली आल्या, चांगल्या तयार झाल्या, पडदा गेला. त्या मुलींना मी जे शिकवलं, ते कोणाकडून शिकलो हेही सांगितलं. पण काम संपवून घरी आलो की मी त्यांची चित्रं मनात अक्कांच्या चित्रांशेजारी ठेवून बघायचो, आणि माझीही.

आता निवृत्त होऊन काही वर्षं झाली. मेहरूणलाच राहतो. अक्कांची आठवण रोज येते असं नाही. येते तेव्हा आधी दुःख होत नाही. आधी हेवा वाटतो.